उलट्या झाडाचा रियाज

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मला झाड उलटं करायला शिकावं लागलं, आणि तेही ऐन गणपतीत. झाड म्हणजे खरं झाड नव्हे. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात माहिती फांद्याफांद्यांनी मांडून ठेवतात, तिला झाड म्हणतात. त्याच्या डाव्या फांद्या उजवीकडे आणि उजव्या डावीकडे करायच्या, इतकाच तो प्रश्न. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला हे कधी कोणी करायला सांगितलं नाही. मी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर एका बँकेचं व्याज चालतं, एका विमा कंपनीचे हप्ते चालतात आणि एका सरकारी खात्याचं काम अडतं, तेही माझ्याच प्रोग्रॅमवर. पण नवी नोकरी मागायला गेलं की हे सगळं बाजूला ठेवून आधी झाड उलटं करून दाखवावं लागतं.

नवी नोकरी मागायची हौस मला नव्हती. जुन्या कंपनीने फर्मान काढलं, की दिवाळीपासून सगळ्यांनी हैदराबादच्या ऑफिसात येऊन बसायचं. इकडे माझी बायको नम्रता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. निम्मा जिल्हा पालथा घातल्यावर, अर्जांवर अर्ज केल्यावर तिला कुठे आमच्या पोशीर गावाजवळची शाळा मिळाली होती. ती बदली सोडून ती हैदराबादला येणं शक्य नव्हतं, आणि तिला सोडून मी तिथे पोराटोरांच्या खोलीत खाट भाड्याने घेऊन राहायचं ही कल्पनाच मला सोसत नव्हती. तेवढ्यात घरी बसून काम करू देणारी एक बेंगळुरूची कंपनी सापडली. पगार बरा, माणसं बरी. फक्त शेवटची फेरी या झाडाझुडपांची. ती पार पडली तर मी पोशीरमध्ये, नाही तर हैदराबादच्या खाटेवर. एवढं साधं गणित होतं.

आमच्या आळीत एकाची सर्दी सगळ्यांची असते. त्यामुळे माझा इंटरव्ह्यूही आठवडाभरात सार्वजनिक झाला.

पहिला सल्ला रोहिदासचा. रोहिदास समोरच्या घरात राहतो, साजगावच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत तयार असतं. "अरं संतोष, ड्रायव्हर ठेवायचा तर गाडी चालवून बघतात का इंजिन खोलून दाखव म्हनतात?" तो म्हणाला. "एवडी वरसं काम केलंस तू. सांग त्यांना, काम बगा माजं. परीक्षा पोरांची घ्या." माझ्या दुखऱ्या स्वाभिमानावर ही फुंकर फार बरी वाटली. मी त्याला दोनदा चहा पाजला.

पण त्याच वेळी पोपटकाका ओट्यावर बसले होते. पोपटकाका म्हणजे आमच्या आळीचे भजनी बुवा. भात लावायचा, गाई सांभाळायच्या आणि ढोलकीवर भजनं म्हणायची, यापलीकडे चौथं काम त्यांनी आयुष्यात केलं नाही. ते म्हणाले, "जल्मभर गातोय मी. तरी भजनाच्या बारीला बसायच्या आधी पेटीवर सूर लावून घेतो. आवाज इसरतो रं. हाताला बी इसर पडतो. रियाज कर तू." आणि रोहिदासकडे बघून पुढे म्हणाले, "तुजा ड्रायव्हर बी लायसनला आठाचा आकडा काडून दावतोच ना? रस्त्यावर कुटं आठ काडतो का तो?"

यावर रोहिदासने विषय बदलला आणि मदत करायचं ठरवलं. मी म्हणालो होतो की इंटरव्ह्यूत मोठ्याने विचार करत फळ्यावर लिहायची सवय लागते. त्याने कामावरून येता येता शिळफाट्यावरून एक भला मोठा पांढरा फळा घेतला आणि मोटरसायकलवर मागे आडवा बांधला. खोपोली-कर्जत रस्त्याला वाऱ्याने त्या फळ्याचं शीड केलं. रोहिदासच्या म्हणण्याप्रमाणे गाडी दोन ठिकाणी आपोआप चालली आणि एका ठिकाणी आपोआप भाताच्या खाचरात उतरली. फळा मात्र शाबूत आला. सोबत पेनही आलं. त्या पेनने मी पहिलं झाड काढलं, आणि पुसायला गेलो तेव्हा कळलं की ते पुसलं जाणारं पेनच नव्हे. ते झाड अजून तिथेच आहे. येणारे पाहुणे आमची वंशावळ समजून त्यात आपलं नाव शोधतात.

मोठ्याने विचार करायची सवय हे तर स्वतंत्र प्रकरण. पहाटे ओट्यावर फेऱ्या मारत मी "आता डावीकडे जातो, डावीकडे कोणी नाही, परत वर येतो, उजवीकडे जातो" असं बोलायचो. आळीच्या टोकाला राहणाऱ्या अंबूबाईंनी ते ऐकलं. त्यांनी नम्रताला बाजूला घेऊन विचारलं, "बाय गं, याला भायेरचं काय लागलं का? भगताकडं दावू का?" नम्रता म्हणाली, "नाही हो आजी, नोकरीचं आहे." त्यावर अंबूबाई म्हणाल्या, "मंग भगताच्या हातचं नाय ते."

कंपनीने इंटरव्ह्यूसाठी एक वेबसाइट दिली होती. तिच्यावर दिवस निवडायचा. मी गणपतीनंतरचा निवडला की वेबसाइट म्हणायची, जागा शिल्लक नाही. फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, आमच्या कॅलेंडरमध्ये फक्त चतुर्थीची सुट्टी आहे, पुढचे दिवस कामाचे. आमच्या कॅलेंडरमध्ये गौरी-गणपती जाईपर्यंत एकही दिवस कामाचा नसतो हे त्याला कसं सांगणार? शेवटी मिळाली ती गणपतीच्या तिसऱ्या दिवशीची संध्याकाळी सातची वेळ. मग विजेची चौकशी. वायरमनला विचारलं, त्या दिवशी सातला लाइट राहील ना? तो गंभीर होऊन म्हणाला, "गणपतीत आमी जाऊ देत नाय, साहेब. पण आता तुमी इचारलंत ना, म्हंजे जानार."

घरात नेट चालतं ते फक्त पुढच्या खोलीत, आणि तिथेच मखर. तरी मी निर्धास्त होतो. कारण आमच्याकडे आरतीचा क्रम ठरलेला असतो. संध्याकाळी सगळी आळी जमते आणि ढोलकी-झांजा घेऊन घरोघर आरती करत फिरते. एकाही घराचा गणपती सोडायचा नाही. सुरुवात अंबूबाईंकडून, मग एकदम पार दुसऱ्या टोकाला, मग परत मधे, मग ओढ्याकडचं घर, असं करत आमच्याकडे वरात यायची ती शेवटून दुसऱ्या क्रमाला, नऊच्या पुढे. सातला इंटरव्ह्यू, आठला मोकळा, नऊला आरती. काही अडचण नव्हती.

अडचण मी तयार केली.

पहिल्या दिवशी त्या वरातीबरोबर फिरताना माझ्या डोक्यात किडा वळवळला. हा क्रम शुद्ध वेडेपणाचा होता. एकच आळी आम्ही चार वेळा चालत होतो. आणि सगळी घरं कमीत कमी चालून घ्यायची, हा तर माझ्या अभ्यासाच्या पुस्तकातला नावाजलेला प्रश्न! मी घरी येऊन प्रोग्रॅम लिहिला, सगळ्यात जवळचा रस्ता काढला आणि दुसऱ्या दिवशी आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. अभ्यासही झाला आणि समाजसेवाही. लोकांनी अंगठे पाठवले. रोहिदासने लिहिलं, "आपल्या संतोषचा अभिमान आहे." ते मी नम्रताला दाखवलं. तिने नुसतं "हं" म्हटलं. शिक्षिकेचं "हं" काय असतं ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल.

त्याच संध्याकाळी माझ्या क्रमाने आरत्या झाल्या. पहिली पाच घरं ओळीने मोदक, शिरा, लाडू, पुरणपोळी आणि पुन्हा मोदकवाली निघाली. पाचव्या घरी लोक जमिनीवर टेकले ते उठेनात. जुन्या क्रमात मधोमध चहाचं घर होतं. ते माझ्या रस्त्यात शेवटी गेलं, त्यामुळे सगळ्यांचे घसे कोरडे पडून आरत्या नुसत्या ओठांनी व्हायला लागल्या. त्याहून वाईट म्हणजे गजाचं आणि रोहिदासचं घर लागोपाठ आलं. गजा आमचा झांजवाला. कुंपणाच्या बांबूवरून त्याचं आणि रोहिदासचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. जुन्या क्रमात रोहिदासचं घर चहानंतर लगेच असायचं, आणि गजा चहाच्या घरीच झांजा दुसऱ्या कोणाच्या हाती देऊन "पान खाऊन येतो" म्हणून मागे रेंगाळायचा. कोणाच्या लक्षात यायचं नाही. माझ्या क्रमात त्याला स्वतःच्या दारातून थेट रोहिदासच्या दारात जायचं होतं. तो अंगणातच उभा राहिला, झांजा काखेत मारून. रोहिदासच्या बाप्पाची आरती बिनझांजेची झाली. रोहिदासने माझ्याकडे असं पाहिलं, जणू झांज मीच लपवली होती.

आणि अंबूबाई. त्यांचं घर माझ्या रस्त्यात सगळ्यात शेवटी. त्या रक्तदाबाची गोळी घेऊन साडेआठला झोपतात. आम्ही पोचलो तेव्हा दार बंद, आत घोरणं. सकाळी त्या काठी टेकत आमच्या ओट्यापर्यंत आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "संतोष, माझा गनपती उपाशी निजला रं काल." मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या पारावर बैठक. जुना क्रम परत आणा म्हणून सगळे मोकळे होऊ शकत होते. पण इथे माझा स्वाभिमान आडवा आला. मी म्हणालो, चूक प्रोग्रॅमची नाही, मला अटीच सांगितल्या नव्हत्या. सांगा अटी, संध्याकाळच्या आत नवा क्रम देतो. मग काय, अटींचा पाऊस. अंबूबाई पहिल्या. चहा मधोमध. गजा आणि रोहिदास लांब लांब, आणि मधे पानाला सवड. ओढ्याकडचं घर फार रात्र व्हायच्या आत, कारण तिथे साप दिसतो. एका घरी जावयाची गाडी कल्याणहून आठला येते, त्याच्या आधी नको. दोन मोदकवाली घरं शेजारी नकोत. शेवट पोपटकाकांकडे, कारण त्यांचंच अंगण सगळी आळी मावेल एवढं आहे. सगळ्या अटी मी आदराने लिहून घेतल्या. एका अनुभवी माणसाला शोभेल असंच वागलो.

दुपारभर मी झाडाचा अभ्यास सोडून तेच करत बसलो. चारच्या सुमाराला मशीनने उत्तर दिलं. मी नजर टाकली आणि हसावं की रडावं कळेना. वरवर पाहता सगळा जुनाच क्रम निघाला होता! पण आता तो प्रोग्रॅममधून आला होता, म्हणून मी तो घाईघाईने ग्रुपवर टाकला, खाली "सर्व अटी मान्य" असंही लिहिलं, आणि कडक इस्त्रीचा शर्ट घालून मखराशेजारच्या टेबलावर जाऊन बसलो.

सातला पडद्यावर ऋतिका नावाची मुलगी आली. पंचविशीच्या आसपासची, चष्मा, बोलायला गोड. तिने "सर" म्हटल्याचं मला बरं वाटलं आणि वाईटही. पहिले दोन प्रश्न बरे गेले. मग तिने झाड दिलं. उलटं करा, म्हणाली. मी मोठ्याने विचार करायला सुरुवात केली, "आता डावीकडे जातो..." आणि बाहेर ढोलकी ऐकू आली.

आधी वाटलं, अंबूबाईंकडची असेल. पण ती जवळ येत होती. नम्रता स्वयंपाकघरातून धावत आली, माझा मोबाइल उचलून ग्रुपवरचा क्रम वाचला आणि पडद्यावर दिसणार नाही अशा बेताने भिंतीला चिकटून खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, दुसरं घर आपलं लिहिलंय. सगळ्यांच्या अटी घातल्यात, आपल्या घराची कोणती घातलीत?"

आपल्या घराची एकही घातली नव्हती. पारावर सगळे बोलले, बोललो नाही तो फक्त मी. मी लिहून घेत होतो. ज्याची काही अट नाही त्याला मशीनने अंबूबाईंच्या मागे मोकळी जागा होती तिथे बसवलं होतं.

नम्रता दाराकडे पळाली. बाहेर कुजबुज. पोपटकाकांचा आवाज आला, "इंटरव्ह्यू? आत्ता? मंग आमी फुडं जातो." दुसरा कोणी म्हणाला, "तबक पेटवलंय. उंबऱ्यावरनं बाप्पाला पाठ दावायची?" मग पोपटकाका म्हणाले, "हळू करू. कोन आवाज काडंल त्याला परसाद नाय."

आणि सगळी आळी चवड्यांवर आत आली. ढोलकीला कोणाचा तरी टॉवेल गुंडाळलेला. गजा झांजा धरून गोंधळून उभा होता. रोहिदासने खिशातला रुमाल काढला, गजाच्या हातातल्या झांजेला गुंडाळला आणि गाठ मारली. गजाने दुसरी झांज पुढे केली. मग माझ्या पाठीमागे, पण कॅमेऱ्यात येणार नाही अशा बाजूला, आख्ख्या आळीने कुजबुजत आरती सुरू केली.

एक माणूस कुजबुजला तर हळू असतं. पन्नास माणसं एका तालात कुजबुजली तर ते काय होतं, ते मला त्या दिवशी समजलं. ऋतिकाने कानातलं यंत्र दाबून पाहिलं. मग काळजीने इंग्रजीत विचारलं, "सर, तुमच्याकडे गॅस लीक होतोय का?"

लपवण्यात अर्थ नव्हता. मी लॅपटॉप वळवला. निरांजनं, टोप्या, पदर, कडेवरची पोरं, मध्ये बाप्पा, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखा भाव. आरती थांबली. ऋतिकाचा चेहरा पडला. ती म्हणाली की नियमाप्रमाणे खोलीत दुसरी व्यक्ती चालत नाही. कोणी उत्तर सांगू शकतं. तिला हे वर कळवावं लागेल, आणि तसं झालं तर फेरी रद्द.

हैदराबादची खाट मला डोळ्यांपुढे दिसली. नम्रताने पदराचं टोक मुठीत आवळलं. तेवढ्यात पोपटकाका ढोलकीसकट पुढे झाले, लॅपटॉपसमोर वाकले आणि मुंबईच्या दुधवाल्यांकडून शिकलेल्या हिंदीत म्हणाले, "बेटी, इसमें का किसी को आता होता, तो हम इसको कायको बिठाते?"

ऋतिकाला हसू फुटलं, आणि ते तिला आवरेना. चष्मा काढून डोळे पुसून ती म्हणाली, "ठीक आहे. मी लिहिते, खोलीत तांत्रिक ज्ञान असलेली दुसरी व्यक्ती आढळली नाही. तुमच्याकडे सहा मिनिटं आहेत, सर."

मी पुन्हा झाडाकडे वळलो. मागे कुजबुज परत सुरू झाली. आणि खरं सांगतो, मी अडलो. डोकं कोरं झालं. बोटं कळफलकावर तशीच राहिली. माझी पाठ बघून त्या लोकांना काय कळलं देव जाणे, पण कुजबुजही थांबली. मागे वळून न बघताही मला समजलं, की सगळ्यांनी श्वास रोखून धरलाय. झाड म्हणजे काय हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. मी अडलोय एवढंच माहीत होतं. हैदराबादेत पगार मिळाला असता, खोली मिळाली असती, पण मी अडल्यावर श्वास रोखणारं कोण मिळालं असतं तिथे?

"ताल धर," पोपटकाका हळूच म्हणाले आणि टॉवेलखालच्या ढोलकीवर बोटं टेकवली. आरती पुन्हा सुरू झाली आणि माझे हात आपोआप चालायला लागले. डावीकडे जातो, कोणी नाही, वर येतो, उजवीकडे जातो. पहाटे ओट्यावर इतक्यांदा बडबडलो होतो, की आता विचार करायची गरजच उरली नव्हती. मधेच अंबूबाईंनी माझ्या डाव्या हातावर मोदक ठेवला. मी उरलेलं एका हाताने लिहिलं. बटण दाबलं. पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरव्या खुणा उमटल्या. हिरवं म्हणजे चांगलं एवढं सगळ्यांना कळलं, आणि आळीने हातावर हात न आपटता टाळ्या वाजवल्या.

पाचव्या दिवशी, गौरी-गणपती उठायच्या थोडं आधी, बेंगळुरूहून फोन आला. निवड झाली. काम घरूनच. नम्रता देवासमोर उभी राहून ढसाढसा रडली आणि मग "मला कांदा लागला" म्हणाली. त्या दिवशी घरात कांदा कापलेलाच नव्हता.

मी सांगायला पोपटकाकांकडे गेलो. अंगणात रोहिदास आणि गजाही होते, एकाच बाकावर, दोन टोकांना का होईना. बातमी ऐकून काकांनी मला जवळ घेतलं. मग विचारलं, "मंग, ती झाडं उलटी करायचं काम कदी चालू?"

"काका, ते काम तिथे नसतं. बँकेचे हिशेबच बघायचेत, आत्तासारखे."

"झाड नाय?"

"एकही नाही."

रोहिदास विजयाने उठून उभा राहिला. "मी काय म्हनत होतो! इंजिन खोलाया लावलंन का नाय?"

"बस खाली," पोपटकाका म्हणाले. त्यांचं रोहिदासकडे लक्षच नव्हतं. ते कसल्या तरी काळजीत पडले होते. ते म्हणाले, "म्हंजे, तुज्या बाप्पाची आरती आमी जी तोंडातल्या तोंडात उरकली, ती ज्याच्यासाटी, ते काम नुसतं दावायचंच व्हतं?"

"हो, काका."

त्यांनी खुंटीवरची ढोलकी काढली. "गजा, झांजा घे. रुमाल नको आता. हाकारा घाल आळीत. संतोषचा बाप्पा जायच्या आदी त्याची एक आरती द्यायची राह्यलीय. मोट्यानं."

त्या संध्याकाळी आळीतले बाकीचे गणपती दारात पाटावर वाट बघत थांबले, आणि सगळी आळी आमच्या पुढच्या खोलीत शिरली. कोणी कोणाचा क्रम विचारला नाही. गजाने झांजा अशा वाजवल्या की खिडकीची काच थरथरली. मी आयुष्यात कधी आरतीत आवाज लावला नव्हता, त्या दिवशी लावला. फार बेसूर होता. पण पोपटकाकांनी ढोलकी थांबवली नाही, नुसतं माझ्याकडे बघून मान हलवली आणि ओरडले, "रियाज कर रं संतोष, रियाज कर! आता हितंच ऱ्हानारेस!"